नव्या फ्लूची साथ आणि लोकमानसातील चिंता : २००९ च्या स्वाइन फ्लूच्या संदर्भात

प्रस्तावना

ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूच्या साथीमुळे पुणे शहरात जे वातावरण निर्माण झाले, त्याचे वर्णन करताना वृत्तपत्रे, वाहिन्या, प्रशासन आणि डॉक्टर या सर्वांनी एकच शब्द पुन्हा पुन्हा वापरला. तो शब्द म्हणजे 'घबराट'. नागरिकांनी घाबरून जाऊ नये, हे आवाहन त्या महिन्यात सर्व बाजूंनी होत राहिले. परंतु लोक नेमके कशाला घाबरले होते, हा प्रश्न फारसा विचारला गेला नाही. घबराट हा शब्द सोयीचा आहे. तो वापरला की लोकांच्या वर्तनामागील कारणे शोधण्याची गरज उरत नाही. दोष लोकांच्या अज्ञानावर टाकून मोकळे होता येते.

प्रस्तुत लेखात त्या साथीतील लोकप्रतिक्रियांची उकल करण्याचा प्रयत्न केला आहे. घबराट या एका नावाखाली अनेक भिन्न चिंता एकत्र आल्या होत्या आणि त्यांतील बहुतेक चिंतांना त्या वेळच्या व्यवस्थेतच सबळ कारण होते, असे येथे प्रतिपादन केले आहे. पुण्याचे उदाहरण मध्यवर्ती असले तरी प्रश्न पुण्यापुरता मर्यादित नाही. जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील धावड्यासारख्या, मोठ्या रुग्णालयापासून आणि प्रयोगशाळेपासून दूर असलेल्या गावात हीच चिंता वेगळे रूप घेते, आणि तेथे तिची किंमत अधिक मोजावी लागते.

साथीचा घटनाक्रम

एप्रिल २००९ मध्ये मेक्सिको व अमेरिकेत एच१एन१ या इन्फ्लुएंझा विषाणूचा नवा प्रकार आढळला. ११ जून २००९ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने जागतिक महामारी घोषित केली. भारतातील पहिला रुग्ण मे महिन्यात हैदराबाद येथे आढळला; तो अमेरिकेहून आलेला प्रवासी होता. आरंभीचे काही आठवडे हा विमानाने येणारा आजार समजला जात होता आणि सरकारी उपाययोजनांचा भर विमानतळावरील तपासणीवर होता. परदेशप्रवासाशी संबंध नसलेल्या माणसाने त्यातून 'हा आपला आजार नव्हे' असा अर्थ घेतला तर त्यात नवल नाही. पुढे पुण्यातील काही शाळांमध्ये लागण दिसू लागली, आणि ३ ऑगस्ट रोजी पुण्यात एका चौदा वर्षांच्या शाळकरी मुलीचा मृत्यू झाला. देशातील हा पहिला मृत्यू होता.

त्यानंतरच्या पंधरवड्यात शहराचे रूप पालटले. शाळा, महाविद्यालये, चित्रपटगृहे काही दिवस बंद ठेवण्यात आली. मुंबईतही तसेच घडले. १८९७ चा साथरोग प्रतिबंधक कायदा लागू करण्यात आला. काही मंडळांनी दहीहंडी रद्द केली. २३ ऑगस्टला सुरू होणारा गणेशोत्सव होणार की नाही, याची चर्चा घरोघरी होती. उत्सव झाला, पण गर्दी टाळण्याच्या आवाहनासह झाला.

'घबराटी'चे अंतरंग

त्या दिवसांचे सर्वाधिक प्रसिद्ध झालेले छायाचित्र म्हणजे महापालिकेच्या डॉ. नायडू सांसर्गिक रुग्णालयाबाहेरची रांग. सर्दी-पडशाने बेजार झालेली मुले, त्यांना घेऊन आलेले पालक, तोंडाला रुमाल बांधलेले तरुण तासन्तास तेथे उभे असत. ऑगस्ट हा पुण्यात पावसाळी सर्दी-खोकल्याचाच महिना असतो, त्यामुळे रांगेतील अनेकांना साधा ताप असणार हे उघड होते. ज्याला स्वाइन फ्लू नाही त्याला तो रांगेतच होईल, अशी टीका तेव्हा झाली आणि वैद्यकीय दृष्ट्या ती बरोबरही होती.

परंतु रांगेत उभ्या असलेल्या आईच्या जागी उभे राहून पाहिले तर वेगळे चित्र दिसते. त्या काळात रोगाचे निदान शासकीय यंत्रणेच्याच हाती होते. घशातील स्रावाचा नमुना पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेत जात असे. ओसेल्टामिविर हे औषध, म्हणजेच लोकांच्या तोंडी बसलेले 'टॅमिफ्लू', औषधाच्या दुकानात मिळत नव्हते. ते शासकीय केंद्रातूनच दिले जाई. मर्यादित दुकानांतून कडक अटींवर त्याच्या विक्रीस परवानगी मिळाली ती सप्टेंबरमध्ये. म्हणजे निदान एकाच ठिकाणी, औषध एकाच ठिकाणी, आणि दूरचित्रवाणीवर सतत सांगितले जात आहे की वेळेवर औषध मिळाले नाही तर जीव जाऊ शकतो. अशा परिस्थितीत रांगेत न उभे राहणे हेच अविचाराचे ठरले असते. लोकांनी उपलब्ध माहितीवरून निघणारा सर्वांत सरळ निष्कर्ष काढला होता. रांग निर्माण झाली ती व्यवस्थेच्या रचनेतून.

ऑगस्टच्या मध्यास शासनाने रुग्णांची अ, ब आणि क अशी वर्गवारी केली. सौम्य लक्षणे असलेल्या अ गटातील रुग्णाची ना चाचणी करायची, ना त्याला टॅमिफ्लू द्यायचे. त्याने घरीच विश्रांती घ्यायची. ज्यांचा ताप व घसादुखी तीव्र आहे किंवा ज्यांना आधीपासून धोका आहे, ते ब गटात. त्यांना चाचणीविना औषध. श्वास लागणे, छातीत दुखणे, रक्तदाब घसरणे अशी लक्षणे असलेल्या क गटातील रुग्णांना तातडीने दाखल करून चाचणी व उपचार. साथ समाजात पसरल्यावर प्रत्येक तापाची चाचणी करणे अशक्य असते आणि निरर्थकही असते, म्हणून ही वर्गवारी योग्यच होती. मात्र ती लोकांपर्यंत पोहोचली ती माघारीच्या स्वरूपात. काल 'लगेच तपासा' म्हणणारी यंत्रणा आज 'तपासू नका' म्हणते, याचा अर्थ किट संपले असावेत, असा तर्क सर्वत्र ऐकू येत होता. धोरण का बदलले हे सांगितले नाही तर लोक स्वतःच कारण शोधतात, आणि ते बहुधा सर्वांत वाईट असते.

दुसरी चिंता मृत्यूच्या स्वरूपाची होती. एरवी फ्लूने दगावतात ते प्रामुख्याने वृद्ध आणि तान्ही मुले. २००९ च्या विषाणूचे वर्तन याच्या उलट होते. ज्यांचे बालपण १९५७ पूर्वी गेले त्यांच्यापैकी अनेकांच्या शरीरात जुन्या एच१एन१ विषाणूशी झालेल्या संपर्कातून काहीशी प्रतिकारशक्ती शिल्लक होती. तरुणांपाशी ती नव्हती. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासाने या महामारीतील जागतिक मृत्यूंचा अंदाज सुमारे दीड लाख ते पावणेसहा लाख असा वर्तवला, आणि त्यांतील सुमारे ८० टक्के मृत्यू ६५ वर्षांखालील व्यक्तींचे असावेत असे म्हटले. घरातील आजोबा ठणठणीत आणि कमावता मुलगा अतिदक्षता विभागात, हा अनुभव कुटुंबाला हादरवणारा होता. गर्भवती स्त्रियांना अधिक धोका असल्याचे कळल्यावर तर ही धास्ती वाढली.

त्या वेळी अनेक तज्ज्ञ क्षयरोगाचे उदाहरण देत. क्षयाने देशात दररोज शेकडो माणसे मरतात, त्याविषयी कोणी घाबरत नाही, मग या फ्लूचेच एवढे काय, असा त्यांचा युक्तिवाद होता. आकडे खरे होते. उत्तर मात्र अपुरे होते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल स्लॉव्हिक यांनी १९८७ मध्ये दाखवून दिले होते की सामान्य माणूस धोक्याचे मोजमाप मृत्यूंच्या संख्येने करीत नाही. धोका किती अपरिचित आहे, त्याच्यावर आपले नियंत्रण किती आहे, त्याचे परिणाम किती भयावह वाटतात, यांवरून तो मनात आकार घेतो. क्षय परिचित आहे, त्याचे औषध माहीत आहे, त्याची गती मंद आहे. सकाळी शाळेत गेलेले मूल आठवड्यात दगावणे ही गोष्ट वेगळी. तज्ज्ञ संख्येविषयी बोलत होते आणि लोक अनिश्चिततेविषयी विचारत होते; दोघांचे संभाषण जुळलेच नाही.

माध्यमांचा वाटा यात मोठा होता, पण तो नेमका कोणता हे पाहिले पाहिजे. मराठीतील चोवीस तास वृत्तवाहिन्या २००७-०८ च्या सुमारास सुरू झाल्या होत्या. मराठी भाषेत चोवीस तास दाखवली गेलेली ही पहिली मोठी साथ होय. पडद्याच्या तळाशी सरकणाऱ्या पट्टीवर मृतांचा एकूण आकडा दिसे. एकूण आकड्याचा स्वभावच असा की तो कधी कमी होत नाही. नव्या रुग्णांची संख्या उतरली तरी पट्टीवरील आकडा चढतच राहतो, आणि पाहणाऱ्याला साथ वाढतेच आहे असे वाटते. किती जण बरे झाले, हा आकडा पट्टीवर क्वचितच जागा मिळवी.

मास्क, कापूर आणि नावाचा घोटाळा

मास्कची टंचाई झाली, काळाबाजार झाला, एन-९५ हा शब्द सर्वतोमुखी झाला. पुण्यातील दुचाकीस्वार तरुणींना धुळीपासून बचावासाठी चेहरा स्कार्फने झाकण्याची सवय पूर्वीपासूनच होती. त्यामुळे शहराला या दृश्याचे तसे नवल नव्हते. ज्यांना मास्क मिळाला नाही त्यांनी रुमालाची तिहेरी घडी केली. जोडीला कापूर-वेलचीची पुरचुंडी हुंगणे, रुमालावर निलगिरी तेलाचे थेंब टाकणे, तुळस व गुळवेलीचा काढा घेणे हे उपाय एसएमएसद्वारे पसरले. यांपैकी कशानेही हा विषाणू रोखला जातो असे सिद्ध झालेले नाही. तरीही त्यांच्याकडे अंधश्रद्धा म्हणून पाहणे उथळपणाचे होईल. लस उपलब्ध नव्हती. झायडस कॅडिला आणि पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट यांच्या लसी २०१० च्या मध्यास आल्या. औषध सरकारच्या ताब्यात होते. सामान्य गृहिणीच्या हाती जे उरले होते ते तिने केले. चिंतेला काही कृती हवी असते. हात साबणाने धुणे ही खरोखर उपयोगी कृती तेव्हा सांगितली जात होती, पण ती इतकी साधी होती की तिच्यावर विश्वास बसणे कठीण गेले.

रोगाच्या नावानेही गोंधळ वाढवला. हा आजार माणसाकडून माणसाला होत होता. शिजवलेले डुकराचे मांस खाल्ल्याने तो होत नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २००९ अखेरीस 'स्वाइन फ्लू' हे नाव वापरणे थांबवले, पण तोवर ते रूढ झाले होते. इजिप्तमध्ये तर लाखो डुकरे मारण्यात आली. महाराष्ट्राला याचा पूर्वानुभव होता. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लू आढळला तेव्हा लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. माणसाला त्याची लागण झाल्याचे निष्पन्न झाले नाही, तरी राज्यभर लोकांनी कोंबडी व अंडी खाणे सोडले आणि कुक्कुटपालकांचे कंबरडे मोडले. तेथे रोगापेक्षा रोगाच्या नावाने अधिक घरे बसवली.

मागील साथींची सावली

१८९७ चा कायदा लागू झाल्याची बातमी मराठी वाचकाला निव्वळ प्रशासकीय वाटणे शक्य नव्हते. हा कायदा मुंबईत १८९६ मध्ये उद्भवलेल्या प्लेगच्या साथीत ब्रिटिश सरकारने केला. पुण्यात सोजिरांनी घराघरांत शिरून केलेल्या झडत्या, रुग्णांना जबरदस्तीने हलवणे, सामानाची जाळपोळ आणि त्यातून २२ जून १८९७ रोजी रँड यांच्यावर झाडलेल्या गोळ्या हा इतिहास शालेय पाठ्यपुस्तकातून सर्वांना ठाऊक आहे. त्याच साथीत रुग्णांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले. साथ आली की सरकार घरात शिरते आणि माणसाला उचलून नेते, ही भीती महाराष्ट्राच्या स्मृतीत तेव्हापासून आहे. २००९ मध्ये कोणी बळजबरी झडत्या घेत नव्हते. तरीही 'नायडूत नेतील' या वाक्यात जो धसका होता, त्याचे मूळ औषधशास्त्रात सापडत नाही.

१९१८ च्या इन्फ्लुएंझाची गोष्ट वेगळी. जून १९१८ मध्ये तो मुंबई बंदरातून शिरला, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या दुसऱ्या लाटेने कहर केला; ६ ऑक्टोबर या एका दिवसात मुंबईत ७६८ मृत्यूंची नोंद झाली. मुंबई इलाख्यात दहा लाखांहून अधिक माणसे गेली असावीत असा अंदाज आहे, तर संपूर्ण भारतातील मृत्यूंचे अंदाज एक कोटीच्या पुढे जातात. १९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्या किंचित घटली, ती मुख्यतः याच साथीमुळे. त्या वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता. अन्नधान्य महाग झाले आणि उपाशी शरीरे तापाला लवकर बळी पडली. आश्चर्य असे की प्लेगच्या मानाने ही प्रचंड आपत्ती मराठी समाजाच्या सार्वजनिक स्मृतीत फारच अंधुक उरली. प्लेगला खलनायक होता, खटला होता, हौतात्म्य होते. फ्लूला यांतले काहीच नव्हते. तो आला आणि काही आठवड्यांत घरे रिकामी करून गेला. २००९ मध्ये फ्लूच्या साथीत लोक वागले ते प्लेगच्या आठवणीने, ही बाब इतिहासाच्या अभ्यासकांनी अधिक तपासण्यासारखी आहे.

भीती उतरली, मृत्यू उतरले नाहीत

केंद्र शासनाच्या नोंदीनुसार २००९ मध्ये देशात एच१एन१ चे २७,२३६ रुग्ण व ९८१ मृत्यू नोंदले गेले. २०१० मध्ये रुग्ण २०,६०४ होते, पण मृत्यू १,७६३ झाले. १० ऑगस्ट २०१० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने महामारी संपल्याचे जाहीर केले आणि हा विषाणू दरवर्षीच्या हंगामी फ्लूचा भाग बनला. पुढे २०१५ मध्ये ४२,५९२ रुग्ण आणि २,९९० मृत्यू नोंदले गेले; त्यांत महाराष्ट्रातील मृत्यू सुमारे नऊशे होते. हे आकडे केवळ चाचणी झालेल्यांचे आहेत, प्रत्यक्ष संख्या अर्थातच अधिक असणार.

म्हणजे २०१५ मध्ये २००९ च्या तिपटीहून अधिक माणसे दगावली, परंतु महाराष्ट्रात ना शाळा त्या प्रमाणात बंद झाल्या, ना नायडू रुग्णालयाबाहेरच्या त्या रांगा पुन्हा दिसल्या. रोग तोच, विषाणूचे मूळ रूप तेच. नवेपणा तेवढा संपला होता. चिंतेचा आलेख आणि मृत्यूंचा आलेख हे एकमेकांच्या मागे जात नाहीत, याचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण. सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने २००९ च्या घबराटीपेक्षा २०१५ ची बेफिकिरी अधिक महाग पडली, असे म्हणावे लागते. घाबरलेला माणूस निदान दवाखान्यात तरी येतो.

गावाकडील परिस्थिती

धावडा ते पुणे हे अंतर रस्त्याने तीनशे किलोमीटरहून अधिक आहे. २००९ मध्ये भोकरदन तालुक्यातील रुग्णाचा नमुना तपासायचा तर तो पुण्याकडे पाठवावा लागे आणि अहवालाची वाट पाहावी लागे. गंभीर रुग्णासाठी जालन्याचे जिल्हा रुग्णालय आणि त्यापुढे औरंगाबादचे (आताचे छत्रपती संभाजीनगर) शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय, म्हणजेच 'घाटी', हीच वाट होती. पुण्यातील महाविद्यालये बंद झाल्यावर बाहेरगावचे विद्यार्थी एसटीने गावाकडे निघाले, तेव्हा शहरातील साथ आणि गाव यांच्यातील अंतर एका रात्रीच्या प्रवासाइतके उरले. परंतु त्या ऑगस्टमध्ये ग्रामीण भागाची मुख्य चिंता फ्लूची नव्हती. २००९ चा मोसमी पाऊस देशभरात सरासरीपेक्षा सुमारे २२ टक्क्यांनी कमी झाला. ज्याच्या शेतातील पीक डोळ्यांदेखत करपत होते, त्याला मास्कची काळजी दुय्यम वाटली असेल तर त्याच्या प्राधान्यक्रमाला चुकीचे कसे म्हणावे?

शहरात चिंतेचे रूप गर्दी हे असते, तर गावात ते लपवणे हे असते. सर्वजण सर्वांना ओळखतात अशा ठिकाणी रोगाचे नाव घराला चिकटते. सोयरीक, मजुरी, पंगत या साऱ्यांवर त्याची छाया पडते. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या काळात मराठवाड्यातील अनेक गावांनी वेशीवर काट्या व लाकडे आडवी टाकून गावबंदी केली आणि पुण्या-मुंबईहून परतलेल्या आपल्याच माणसांना शाळेच्या इमारतीत ठेवले. त्यात सावधगिरी होती, स्वयंशिस्तही होती. आणि परतलेल्या मजुराच्या कुटुंबाला पुढे बरेच दिवस सोसावा लागणारा संशयही होता. असा अनुभव घेतलेले कुटुंब पुढच्या वेळी तापाची वाच्यता करताना दहा वेळा विचार करते.

फ्लूच्या बाबतीत हा विलंबच घातक ठरतो. ओसेल्टामिविर लक्षणे सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत दिल्यास सर्वाधिक गुणकारी असते. गंभीर रुग्णाला नंतरही ते दिले जाते, पण लाभ घटत जातो. २०१५ पासून राज्य शासनाने गर्भवती स्त्रिया व अन्य जोखमीच्या व्यक्तींसाठी मोफत फ्लू लसीकरणाची सोय केली, आणि आज हे औषध व चाचणी दोन्ही २००९ च्या तुलनेत पुष्कळ सुलभ झाली आहेत. तरीही लहान गावातील तापाचा प्रवास बहुधा ठरलेला असतो. पहिल्या दिवशी अंगावर काढणे, दुसऱ्या दिवशी गावातील डॉक्टरकडून इंजेक्शन व सलाइन, तिसऱ्या दिवशी उतार नाही म्हणून तालुक्याचा दवाखाना, आणि श्वास लागल्यावर चौथ्या किंवा पाचव्या दिवशी जिल्ह्याकडे गाडी. 'घाबरू नका' हे आवाहन या घरापर्यंत पोहोचलेले असते. श्वास लागला, ओठ निळसर झाले, गर्भवतीला ताप आला किंवा उतरलेला ताप पुन्हा चढला तर त्याच दिवशी निघावे, ही माहिती बहुधा पोहोचलेली नसते.